कास्काव्हेल: दक्षिण अमेरिकेचा खुळखुळ्या साप

खुळखुळे साप अमेरिका खंडाबाहेर कुठेही आढळत नाहीत, आणि त्यांच्या बहुतेक जाती मेक्सिको आणि संयुक्त संस्थाने या दोन देशांतच राहतात. पनामा ओलांडून दक्षिणेला गेले की त्यांची एकच जाती उरते. तिचे शास्त्रीय नाव क्रोटॅलस ड्युरिसस. ब्राझीलचे लोक तिला कास्काव्हेल म्हणतात, स्पॅनिश बोलणारे शेजारी देश कास्काबेल म्हणतात. दोन्हींचा अर्थ घुंगरू. कोलंबिया आणि व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून थेट अर्जेंटिनाच्या उत्तर भागापर्यंत हा साप पसरलेला आहे. एवढा मोठा प्रदेश दुसऱ्या कोणत्याही खुळखुळ्या सापाच्या वाट्याला आलेला नाही. साहजिकच जागोजागी त्याचे रूप बदलते, काही ठिकाणी विषही बदलते, आणि त्यामुळे या एका जातीच्या उपजाती किती, हा प्रश्न अडीचशे वर्षे शास्त्रज्ञांच्या मानगुटीवर बसलेला आहे.

व्हायपर कुळातल्या ज्या सापांच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो, त्यांना पिट व्हायपर म्हणतात. सह्याद्रीतले चापडे याच गटातले. पावसाळ्यात आंबोलीला झुडपावर बसलेला मलबारी चापडा ज्यांनी नीट न्याहाळला असेल, त्यांना डोळ्यापुढचा हा खळगा नक्की आठवेल. घोणस आणि फुरसे हेही व्हायपरच, पण त्यांना तो नसतो. खळग्याच्या आत एक अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो आणि त्यात चेतातंतूंचे दाट जाळे असते. समोर उंदीर आला की त्याच्या अंगातून बाहेर पडणारी अवरक्त किरणे या पडद्याला किंचित तापवतात आणि मेंदूपर्यंत त्याची वर्दी जाते. अंधारात सापाला उंदीर ‘दिसतो’ तो असा. हे काम कोणते प्रथिन करते, याचा उलगडा २०१० मध्ये झाला. ते निघाले टीआरपीए-१, म्हणजे मोहरीचा झणका माणसाला ज्या प्रथिनामुळे जाणवतो त्याचेच सापातले रूप.

पूर्ण वाढलेला कास्काव्हेल साधारण एक ते दीड मीटर लांबीचा असतो. क्वचित त्याहून मोठा. अंग जाडजूड, खवले कणेदार आणि खरखरीत. पाठीच्या मध्यावरचे खवले इतके उंचावलेले असतात की मणक्यावरून एक कंगोरा धावतो. रंग करडा, तपकिरी किंवा मातकट पिवळा, आणि पाठीवर फिकट कडांच्या गडद शंकरपाळ्यांची ओळ. शेपटीकडे ही नक्षी विरत जाते आणि शेपटी बहुधा एकरंगी गडद असते. ओळखीची सर्वांत खात्रीची खूण मात्र मानेवर आहे. डोक्याच्या मागून दोन गडद पट्टे समांतर निघतात आणि मानेवरून काही अंतर जाऊन थांबतात. उत्तर अमेरिकेतल्या नेहमीच्या खुळखुळ्या सापांना हे पट्टे नसतात.

शेपटीच्या टोकाचा खुळखुळा नखांसारख्याच केराटिनचा बनलेला असतो. त्यातल्या पोकळ कड्या एकमेकींत सैलसर अडकलेल्या असतात. आत खडा किंवा मणी काही नसते. शेपटीचे स्नायू जोरात थरथरले की कड्या एकमेकींवर आपटतात आणि आवाज होतो. पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या शेपटीला नुसते एक बोंड असते, त्यामुळे ते शेपटी हलवते पण वाजवू शकत नाही. पुढे दर वेळी कात टाकली की एक कडी वाढते. कड्या मोजून सापाचे वय सांगता येते ही समजूत सगळीकडे आहे आणि ती सगळीकडेच चुकीची आहे: वर्षातून कात अनेकदा टाकली जाते आणि जुन्या कड्या तुटून पडत राहतात. ब्राझीलच्या ग्रामीण भागात व्हिओला हे तंतुवाद्य वाजवणारे वादक मेलेल्या कास्काव्हेलचा खुळखुळा वाद्याच्या पोटात टाकून ठेवतात. त्याने नाद गोड होतो आणि दुसऱ्याची दृष्ट लागत नाही, असे मानतात.

या सापाचे नाव काढले की अमेझॉनचे घनदाट जंगल डोळ्यापुढे येते, पण ते त्याचे घरच नव्हे. त्याला कोरडी, मोकळी, उन्हाची जमीन लागते: ब्राझीलच्या मध्यभागातली सेराडो गवताळ राने, ईशान्येकडचा काटेरी कातिंगा, व्हेनेझुएलातली यानोस मैदाने, गयानातला रुपुनुनी. सदाहरित वर्षावनाच्या आत तो राहत नाही. म्हणून नकाशावर त्याचा विस्तार सलग दिसत नाही. अमेझॉनच्या उत्तरेला तुकड्या-तुकड्यांनी, दक्षिणेला एक मोठा पट्टा, मध्ये जंगल. आणखी एक फट पनामात आहे. मध्य अमेरिकेतल्या खुळखुळ्या सापांची रांग कोस्टारिकाच्या कोरड्या ग्वानाकास्ते प्रांतात संपते आणि दक्षिण अमेरिकेत कोलंबियात पुन्हा सुरू होते. मधल्या ओल्या पनामात एकही नाही.

जंगल पोहून जाता येत नाही, मग हा साप अमेझॉनच्या पलीकडे पोचला कसा? वोल्फगांग व्यूस्टर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्याच्या मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सर्वांत जुन्या शाखा मध्य अमेरिकेत निघाल्या, त्यानंतरच्या उत्तर दक्षिण अमेरिकेत आणि सर्वांत नव्या अमेझॉनच्या दक्षिणेला. म्हणजे साप उत्तरेकडून टप्प्याटप्प्याने खाली उतरला. नदीच्या दोन्ही तीरांवरच्या सापांची फारकत सुमारे अकरा लाख वर्षांपूर्वीची असावी, असा त्यांचा अंदाज आहे. त्या काळात, हिमयुगांच्या एखाद्या कोरड्या पर्वात, आजच्या जंगलाच्या जागी गवताळ पट्टा खुला झाला असणार. अमेझॉनचे जंगल अनादी काळापासून अखंड आहे, की मधूनमधून त्याचे तुकडे होत आले, हा मोठा वाद आहे; त्यात या सापाची साक्ष दुसऱ्या पक्षाच्या बाजूने पडते.

आता उपजातींकडे. ड्युरिसस हे नाव लिनियसने १७५८ साली दिले आणि तिथूनच घोळाला सुरुवात झाली. त्याच्यासमोरचा नमुना नेमका कुठला, हे नोंदीवरून स्पष्ट होत नव्हते. विसाव्या शतकात बराच काळ ‘ड्युरिसस ड्युरिसस’ हे नाव मध्य अमेरिकेतल्या सापांना लावले जात होते आणि दक्षिणेकडच्यांना ‘टेरिफिकस’. पुढे मूळ नमुना दक्षिण अमेरिकेचा ठरला, तेव्हा नावही त्याच्याबरोबर दक्षिणेला गेले. २००४ मध्ये जोनाथन कॅम्पबेल आणि विल्यम लमार यांनी मध्य अमेरिकेतल्या सापांना क्रोटॅलस सायमस या वेगळ्या जातीत हलवले. हा फेरफार नुसत्या पाटीचा वाटेल, पण त्याचे परिणाम व्यवहारी आहेत. कोस्टारिकात लिहिलेल्या जुन्या वैद्यकीय लेखांत ‘ड्युरिसस ड्युरिसस’ म्हणजे आजचा सायमस. त्याचे विष दक्षिणेकडच्या सापाहून अगदी निराळे आहे. जुना लेख हाती घेतलेल्या डॉक्टराने आधी सापाचा पत्ता तपासायला हवा.

आजच्या अर्थाने ड्युरिसस ड्युरिसस ही उपजाती गयाना, सुरिनाम आणि फ्रेंच गयाना यांच्या किनारी गवताळ प्रदेशात राहते. व्हेनेझुएला आणि कोलंबियाच्या कोरड्या सखल भागात क्युमानेन्सिस आहे. हे नाव अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने १८११ मध्ये दिले, व्हेनेझुएलातल्या कुमाना शहरावरून. हुम्बोल्ट तिथे १७९९ साली उतरला होता. रोराइमा पर्वताच्या उतारांवर आणि आसपासच्या गवताळ रानात रुरुइमा, गयानाच्या रुपुनुनीत ट्रायगोनिकस, अमेझॉनच्या मुखाशी पसरलेल्या माराजो बेटावर माराजोएन्सिस. सर्वांत मोठा प्रदेश टेरिफिकसचा: अमेझॉनच्या दक्षिणेचा ब्राझील, बोलिव्हिया, पेरूचा आग्नेय कोपरा, पॅराग्वे, उरुग्वे आणि अर्जेंटिना. वैद्यकशास्त्रात ‘कास्काव्हेलचे विष’ म्हणून जे काही लिहिले जाते, ते बहुतांशी टेरिफिकसचे.

दोन उपजाती पाहताक्षणी वेगळ्या वाटतात. व्हेनेझुएलाच्या मोनागास राज्यातल्या गवताळ पठारावरचा व्हेग्रांडिस ठेंगणा आहे. त्याच्या अंगभर पांढरे ठिपके विखुरलेले असतात आणि पाठीवरची नक्षी त्यांत जवळजवळ हरवते. तो १९४१ मध्ये लॉरेन्स क्लॉबरने प्रथम वर्णिला. क्लॉबर पेशाने विद्युत अभियंता, सॅन दिएगोच्या वीज कंपनीत मोठ्या पदावर, आणि उरलेल्या वेळात खुळखुळ्या सापांचा जगातला सर्वांत मोठा जाणकार. दुसरा अरुबा बेटावरचा युनिकलर. नावाप्रमाणे जवळजवळ एकरंगी. गुलाबीसर, फिकट तपकिरी किंवा राखाडी, आणि शंकरपाळ्या असल्या तरी पुसट झालेल्या. दोघांनाही बरीच वर्षे स्वतंत्र जातीचा मान होता. व्यूस्टर यांच्या डीएनए-अभ्यासाने तो काढून घेतला: दिसायला कितीही वेगळे असले तरी वंशवृक्षावर ते ड्युरिससच्या फांद्यांमध्येच बसतात. त्याच अभ्यासाने दक्षिणेकडच्या दोन उपजाती, कातिंगातली कास्कावेला आणि मध्य ब्राझीलमधली कोलिलिनिएटस, टेरिफिकसमध्ये विलीन करण्याची शिफारस केली, कारण त्यांच्यात फरक होता तो जवळजवळ रंगाचा आणि नक्षीचा. ज्यांनी वर्णने लिहिली त्यांच्या हाती बाटलीतले थोडे नमुने होते. सापाचा रंग जमिनीप्रमाणे किती सहज पालटतो, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. ब्राझीलच्या प्रयोगशाळांतले संशोधक मात्र ही दोन्ही नावे अजूनही वापरतात, कारण विषाच्या शिशीवर प्रदेश लिहिलेला बरा.

कास्काव्हेल प्रामुख्याने उंदीरवर्गीय प्राण्यांवर जगतो. उंदराला दंश करून सोडून देतो आणि मग जिभेने वासाचा माग काढत मेलेल्या भक्ष्यापर्यंत जातो. शेतीसाठी जंगल तोडले की मोकळी जमीन आणि उंदीर दोन्ही वाढतात, आणि मागोमाग हा साप येतो. अटलांटिक किनाऱ्याजवळच्या ज्या भागांत पूर्वी दाट जंगल होते, तिथे तो आता दिसू लागला आहे. जंगलतोडीने फायदा झालेल्या मोजक्या विषारी सापांपैकी हा एक.

मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते. दक्षिण ब्राझीलमधल्या टेरिफिकसची रीत मोठी गमतीची आहे. मीलन होते शरद ऋतूत, पण अंडी फलित होण्याच्या स्थितीत येतात ती पुढच्या वसंतात. मधल्या थंडीत मादीच्या गर्भाशयाचा मागचा भाग स्नायूंनी पिळला जाऊन बंद होतो आणि शुक्राणू आत जिवंत राहतात. पिल्ले उन्हाळ्यात येतात. तिथला उन्हाळा म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. एवढा खर्च दरवर्षी परवडत नाही, म्हणून मादी बहुधा एक वर्ष आड विते.

या सापाची खरी ख्याती विषासाठी. पिट व्हायपरचा दंश म्हटला की भयंकर सूज, फोड, रक्तस्राव आणि कुजणारे मांस अशी अपेक्षा असते. दक्षिण अमेरिकेतल्या बहुसंख्य दंशांना कारणीभूत असलेले जराराका गटातले साप हेच करतात. कास्काव्हेलचा दंश झालेल्याला मात्र जखमेच्या जागी फारसे काही वाटत नाही; थोडी बधिरता, किरकोळ सूज. फसगत होते ती इथेच. काही तासांत पापण्या जड होऊन खाली येतात, एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, चेहऱ्याचे स्नायू ढिले पडतात. समोरच्याला पाहण्यासाठी रोगी मान मागे टाकतो आणि अर्धवट मिटलेल्या पापण्यांखालून बघतो. मानेचे स्नायूही ढिले होतात. या सापाच्या चाव्याने मान मोडते असा जुना समज होता तो त्यावरूनच. यापाठोपाठ सर्वांग ठणकू लागते, कारण विष स्नायूंचे तंतू फोडते. त्यांतले मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि लघवी काळ्या चहासारखी होते. मूत्रपिंडे निकामी होणे हे या दंशातल्या मृत्यूचे मुख्य कारण.

यामागचा सूत्रधार क्रोटॉक्सिन. कार्ल स्लोटा आणि हाइन्झ फ्रेंकेल-कॉनराट यांनी १९३८ मध्ये ब्राझीलमधल्या बुतांतान संस्थेत ते शुद्ध स्फटिकरूपात मिळवले. सापाच्या विषातले प्रथिन स्फटिकरूपात वेगळे होण्याची ती पहिलीच वेळ. क्रोटॉक्सिनचे दोन भाग आहेत. एक फॉस्फोलिपेज विकर, जे एकटे असताना कमी विषारी असते. दुसरा भाग एकटा असेल तर निरुपद्रवीच. जोडी जमली की ती प्राणघातक ठरते. निरुपद्रवी भाग आपल्या जोडीदाराला भलतीकडे चिकटू देत नाही, थेट चेतातंतूंच्या टोकाशी नेऊन पोचवतो, आणि तिथून स्नायूंना जाणारे संदेश थांबतात. विषात आणखीही घटक आहेत. क्रोटॅमाइन उंदरांचे मागचे पाय ताठ करते. ते काही भागांतल्या सापांत असते, काहींत अजिबात नसते. कॉनव्हुल्क्सिन रक्तातल्या बिंबिकांना एकत्र गोळा करते, आणि बिंबिकांच्या अभ्यासासाठी जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात. थ्रॉम्बिनसारखे काम करणारे एक विकर आणि म्हशीच्या रक्तातले फायब्रिनोजेन यांच्यापासून बोतुकातूच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी जखमा चिकटवणारा सांधक तयार केला आहे. पायावरच्या जुनाट व्रणांवर त्याची चाचणी झाली.

रुरुइमा उपजातीत तर एकाच प्रदेशातल्या सापांचे विष पांढरेही असते आणि पिवळेही. पिवळा रंग एल-अमिनो आम्ल ऑक्सिडेज या विकरातल्या फ्लेविनचा. पांढरे विष मुख्यतः चेतासंस्थेवर चालते, पिवळ्याने रक्तस्राव होतो. याहून मोठा फरक सायमसशी. मध्य अमेरिकेतल्या सायमसच्या पिल्लांत क्रोटॉक्सिन भरपूर असते, पण वाढीबरोबर ते घटत जाते आणि प्रौढाचे विष सूज, रक्तस्राव, ऊतींची नासाडी या नेहमीच्या वाटेला लागते. दक्षिण अमेरिकेतला साप मात्र मोठा झाला तरी पिल्लाचेच विष बाळगून असतो. दक्षिणेकडे उतरताना या वंशाने प्रौढ विष सोडून दिले, असा निष्कर्ष विषांच्या तुलनेतून निघाला आहे.

विष वेगळे तर उतारा वेगळा, हे आज सर्वमान्य असलेले तत्त्व सिद्ध होण्यात याच सापाचा मोठा वाटा आहे. आल्बेर काल्मेतने १८९० च्या दशकात नागाच्या विषावर रक्तद्रव तयार केला, तेव्हा तो सर्व सापांवर चालेल अशी आशा होती. वितल ब्राझील हा डॉक्टर त्या वेळी साओ पाउलो राज्यातल्या बोतुकातूमध्ये काम करत होता. कॉफीच्या मळ्यांत सर्पदंश नित्याचे होते. त्याने काल्मेतचा रक्तद्रव कास्काव्हेल आणि जराराका यांच्या विषावर वापरून पाहिला आणि तो निकामी ठरला. मग त्याने दोन्ही सापांची विषे वेगवेगळ्या प्राण्यांना टोचून दोन रक्तद्रव केले. कास्काव्हेलचा रक्तद्रव जराराकाच्या विषावर चालेना, जराराकाचा कास्काव्हेलवर. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या बुतांतान संस्थेचा तो पहिला संचालक झाला आणि तिथून या रक्तद्रवांची लस बाहेर पडू लागली. विषासाठी साप हवेत, म्हणून संस्थेने शेतकऱ्यांना लाकडी पेट्या आणि टोकाला चामड्याचा फास असलेल्या काठ्या पाठवल्या. शेतकरी जिवंत साप पकडून पेटीत घालत, रेल्वे ती पेटी फुकट वाहून नेई, आणि परतीच्या टपालाने शेतकऱ्याला लसीच्या कुप्या मिळत. विसाव्या शतकातल्या सार्वजनिक आरोग्याच्या योजनांत इतकी सोपी आणि इतकी यशस्वी देवाणघेवाण विरळाच. जुन्या नोंदींनुसार कास्काव्हेलच्या दंशात उपचाराविना सुमारे ७२ टक्के रोगी दगावत. लस मिळाल्यावर हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास आले, आणि आज ते त्याहून पुष्कळ खाली आहे.

हे तत्त्व महाराष्ट्रालाही लागू आहे. भारतात मिळणारी बहुविध लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांपासून बनते. चापड्याचे विष त्यात नसते, म्हणून चापड्याच्या दंशावर तिचा भरवसा धरता येत नाही.

बहुतेक उपजातींना आज धोका नाही. अपवाद अरुबाच्या युनिकलरचा. हे बेट व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून जवळ, पण एकूण क्षेत्रफळ जेमतेम १८० चौरस किलोमीटर. त्यातही साप उरला आहे तो आग्नेय भागातल्या निवडुंगांच्या खडकाळ रानात. बाकी बेट पर्यटन आणि वस्त्यांनी व्यापले. त्याची संख्या काही शेकड्यांतच मोजली जाते आणि त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत होते. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांनी १९८० च्या दशकात त्याच्या प्रजननाचा संयुक्त कार्यक्रम हाती घेतला, आणि अरुबात त्याचा मुख्य अधिवास आरिकोक राष्ट्रीय उद्यानात आला. पण १९९९ मध्ये बेटावर पहिला बोआ अजगर सापडला, बहुधा कुणीतरी पाळून सोडलेला. त्याची वीण आता बेटभर पसरली आहे. तो पक्षी, सरडे आणि उंदीर खातो, म्हणजे कास्काव्हेलच्याच ताटातले. शेकडो बोआ पकडून मारले गेले, तरी बेटावरून त्याचे उच्चाटन झालेले नाही.